मुलाखतीची कटिंग

"बस," म्हणत बापाने पोराला खुर्चीत बसवलं आणि कापड झटकून त्याच्या गळ्याशी बांधलं. नंबर खरं तर पोस्टमनचा होता. पण अकराला मुलाखत आहे म्हटल्यावर तो आपण होऊन बाकावर सरकला आणि पेपर उघडून बसला.

मुलाखतीआधी केस कापायचेच, हा बापाचा नियम. पस्तीस वर्षं लोकांच्या माना बघितलेला माणूस तो. त्याच्या मते साहेब लोक आधी मान बघतात, मग कागद. पोराला पदवी मिळून दोन वर्षं झाली होती आणि या महिन्यातली ही चौथी मुलाखत, म्हणजे चौथी कटिंग. आता डोक्यावर कापण्याजोगं उरलं होतं काय, डोंबल!

"बाबा, मागच्या वेळी त्यांनी विचारलं, सैन्यातून आलात का म्हणून."

"मग? शिस्तीचा दिसलास, वाईट काय झालं?" बापाने कंगवा फिरवला आणि आरशात बघत साहेबाचा आवाज काढला, "बरं, तुमच्यातला एक दोष सांगा." हा प्रश्न त्याला एका बँकेतल्या गिऱ्हाइकाने शिकवला होता.

एरवी पोरगा यावर काहीतरी गोड ठोकून द्यायचा. आज नाही.

"दमलोय, हाच दोष. नकाशे काढायला शिकलो, चांगले काढतो. फुकट काढून द्यायला सगळे बोलावतात, पगाराचं नाव काढलं की 'कळवतो'. बाबा, आज नाही जमलं तर उद्यापासून त्या दुसऱ्या खुर्चीमागे उभा राहतो."

कंगवा थांबला. पोस्टमन पान उलटता उलटता राहिला.

"राहा की. दुकान तुझंच आहे," बाप म्हणाला. "कात्रीत कमीपणा नाही, तिच्यावरच आपलं घर चाललंय. पण तुझा हात नाही रे त्यात. आठवीत असताना शेजारच्या बंड्याचे केस कापलेस, आठवतं? बिचारा महिनाभर टोपी घालून हिंडला."

पोस्टमन फिस्सकन हसला. पोरालाही हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. हात कापडाखाली, पुसणार कशाने? बापाने मानेवर पावडरचा ब्रश फिरवला, आणि जाता जाता दोन्ही गालांवरूनही.

"मान खाली घे. हलू नकोस."

मग कात्री सुरू झाली. कच कच कच. कानामागे, मानेवर, टाळूवर, चांगली दहा मिनिटं. पोरगा डोळे मिटून बसला. लहानपणापासून त्या आवाजात त्याला फार बरं वाटायचं.

"झालं. आणि दोष विचारला तर सांग, बाप फार केस कापतो."

पोरगा उठून आरशासमोर कॉलर नीट करू लागला. मानेवरून हात फिरवत म्हणाला, "हलकं वाटतंय."

बापाने कापड झटकलं. खाली एक केस पडला नाही. कात्री सगळा वेळ हवेतच चालली होती. तरी त्याने कोपऱ्यातला झाडू घेतला आणि खुर्चीभोवतीची फरशी मन लावून झाडायला लागला.

पोस्टमनने पेपर तोंडासमोर धरला आणि झाडू जवळ येताच दोन्ही पाय वर उचलून घेतले.