आईच्या नावाचा रकाना

आबाजींची बायको म्हाळसा वारून चार महिने झाले होते. तिचा भाऊ जळोचीहून दोनदा येऊन, पोरीला आमच्याकडं राहू द्या, म्हणून गेला होता. त्यामुळे बारामतीच्या शाळेत छकुलीला पाचवीत घालताना अर्जावर आईच्या नावाचा नवा रकाना दिसला, तशी आबाजींच्या मनात पाल चुकचुकली.

"बाई, हे कुणी घालाय सांगितलं? पोरीच्या मामानं?"

"सरकारी नियम आहे, आबाजीराव," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "आई-बापाचा मान सारखा. आता बापाबरोबर आईचंही नाव लागतं."

"ती गेली, बाई. आता तिला कशाला मधी आणताय? उद्या मामा हाच कागद दावून पोर न्यायला येईल."

"आईचं नाव लिहिलं म्हणून कुणी पोर नेत नाही. लिही गं, छकुली."

छकुलीनं लिहिलं. आबाजींनी कागद ओढून घेतला आणि वाचला. रकान्यात म्हाळसा नव्हतं, गोदावरी होतं.

"ही कोण? मामानंच शिकवलं न्हवं तुला?"

"न्हाय आबा. ही आईच हाय. लग्नात तुमी नाव बदललं, त्याच्या आधीची."

आबाजींनी ते नाव पुन्हा एकदा वाचलं.



"तिनंच सांगितलं हुतं मला. घरात कुणी नसलं की मी तिला ह्याच नावानं हाक मारायची."