नवावरून सहावर

"शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही. पाळीत तुझं कितीवर जातं?" नर्सने विचारलं.

"नऊ," मुलगी म्हणाली. आज तिच्या पाळीचा पहिलाच दिवस होता. ओठ पांढरे पडले होते.

शेजारी तिची आई होती. तिने बाहेर थांबावं असं नर्सने सुचवून पाहिलं होतं. पण मुलगी माझी, मी का बाहेर बसू, म्हणत ती पर्स मांडीवर घेऊन ठाण मांडून बसली होती. नऊ ऐकून तिला हसू आलं.

"नऊ कशाला म्हणतात माहीत आहे का? तुला जन्म दिला तेव्हा माझं नऊ होतं."

गर्भाशयाचं अस्तर भलत्याच जागी वाढतं, त्या दुखण्यावरच्या नव्या औषधाचा अभ्यास तिथे चालू होता. मुलीच्या पोटात ते वाढलेलं दुर्बिणीतून दिसलं होतं. दोन डॉक्टरांच्या गोळ्या खाऊन झाल्या होत्या, आणि तिसऱ्याने लग्न झालं की आपोआप बरं होईल म्हणून हात झटकले होते. नवं औषध दुकानात मिळत नव्हतं. अभ्यासात जागा मिळाली तरच काही आशा होती, आणि जागा मिळायला निदान सात हवे होते. हे सांगायची मात्र नर्सला सक्त मनाई होती. सांगितलं असतं तर सर्दी झालेल्या बाईनेही दहा म्हटलं असतं.

मुलीने आईकडे पाहिलं. "आठ असेल."

"आठवाली बाई उभी तरी राहील का? गेल्या महिन्यात पाळी असतानाच मावशीकडे दिवसभर पाहुण्यांना वाढत होतीस की."

नर्सने प्रश्न पुन्हा वाचला. नियमाप्रमाणे तेवढंच करता येत होतं. वाचताना तिने मुलीच्या डोळ्यांत पाहिलं, आवाज जरा जड केला. पोरीला वाटलं, आपण राईचा पर्वत करतोय म्हणून ही चिडली.

"सहा," ती खालमानेने म्हणाली.

"हं, सहा ठीक आहे." भाजीवाल्याने एकदाचा भाव उतरवावा तसा आईचा चेहरा सैल झाला. मग तिने नर्सला सांगितलं, की आमच्या वेळी कुणी आकडे विचारत नव्हतं. मोरीचं दार लावून घ्यायचं आणि तोंडात पदराचा बोळा धरायचा, झालं.

नर्सने सहा नोंदवला. तिला स्वतःचीच चीड आली, पण नोकरी तिलाही हवी होती. मुलीला अभ्यासात घेता येणार नाही, असं तिने सांगितलं. कारण विचारलं तर दुखणं त्या मानाने कमी आहे, एवढं बोलायची परवानगी होती. आईने विचारलं, आणि ती तेवढं बोलली.

"ताई, नऊ लिहा ना," मुलगी घाईघाईने म्हणाली. "खरंच नऊ आहे."

"आता बदलता येत नाही."

आईला मात्र कृतकृत्य वाटत होतं. एवढ्या शिकलेल्या माणसांनी विचारून, तपासून कमी आहे म्हणून सांगितलं, आता तरी बाऊ करणं सोड, असं ती दारापर्यंत सांगत गेली. घरी गेल्यावरही मुलीला हेच ऐकावं लागणार होतं, जन्मभर.

बाहेरच्या बाकापर्यंत पोहोचायच्या आतच मुलगी भिंतीला धरून खाली बसली. नर्स दारातून पाहत राहिली. आई वाकली. कुठे दुखतंय म्हणून तिने विचारलं नाही. तिचा हात आपसूक पोरीच्या कमरेखाली, डाव्या बाजूला गेला आणि अंगठा नेमका त्या जागी रुतवून ती दाबत राहिली.

"आत सहाच सांगितलंस ना?" ती हळूच म्हणाली. "मग ऊठ. लोक बघताहेत."