डावीकडे जाणारी गाडी

यादोरावांनी गाडी लेकीच्या गॅरेजच्या शेडमध्ये उभी केली आणि उतरायच्या आधीच निकाल सांगितला.

"डावीकडे ओढून राहिली, पोरी. अलाइनमेंटच्या आधी बरी होती."

हे त्यांनी हळू सांगितलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण सव्वीस वर्षं राईस मिलच्या ट्रकमध्ये इंजिनाच्या वरताण बोललेला माणूस हळू बोलत नाही. बाकावर आंधळगावचे गोपाळराव बसले होते, कोशाच्या रेशमी साड्यांचे व्यापारी. पुढचा नंबर त्यांच्या गाडीचा होता. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

प्रतिक्षाने मशीनच्या पडद्याकडे पाहिलं. चारही चाकांचे आकडे हिरवे होते. जिल्हा तुटून अर्धा गोंदियाकडे गेल्यापासून भंडाऱ्यात जे काही नवीन येईल त्याचा अभिमान धरायची लोकांना सवय झाली होती, आणि तिचं हे कम्प्युटरवालं मशीन अगदी ताजा अभिमान होता. एरवी चाकं सरळ करायला ही माणसं नागपूर गाठत. मशीन आलं त्या दिवशी यादोराव इस्त्रीचा शर्ट घालून दारात बसले होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला, त्यानं विचारलं नसलं तरी, मशीन पोरीचं आहे म्हणून सांगत होते. आज तेच यादोराव अख्ख्या शेडला ऐकू जाईल अशी तक्रार करत होते.

"घरचीच गाडी सरळ होऊन नाही राहिली," गोपाळराव बाकाला उद्देशून म्हणाले, "तं आमची कशी होईन?"

गोपाळराव परत गेले तर एकटे जाणार नव्हते. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट अख्ख्या आंधळगावच्या बाजारात पोचली असती.

प्रतिक्षाने पुढच्या टायरांची हवा पाहिली, सारखी होती. मग ते दोन्ही टायर अदलाबदल करून लावले. खोट टायरात असेल तर ओढही बाजू बदलते. यादोराव फेरी मारून आले. डावीकडेच. तिने दोन्ही चाकांजवळ हात धरून पाहिला. ब्रेक चिकटत असता तर एक चाक तापलं असतं. दोन्ही सारखीच कोमट होती. आता राहिला रस्ता. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता करतात, आणि त्या उतारानं भली गाडीही डावीकडे कलते.

सपाट रस्त्यावर पाहू, असं म्हणून तिने गोपाळरावांनाही मागे बसवलं आणि स्वतः वडिलांशेजारी बसली. साक्षीदार आपणच बसवलेला बरा.

कारधा गावाच्या पलीकडे वैनगंगेच्या काठानं नवा रस्ता झाला होता. उद्घाटनाला पाहुणा मिळत नव्हता, म्हणून त्यावर गाड्या नव्हत्या. आणि गाड्या नव्हत्या म्हणून तो अजून सपाट होता. यादोरावांनी गाडी रस्त्याच्या मधोमध, जिथे उतार नसतो तिथून, हळू चालवत नेली. ती गुमान डाव्या कडेला गेली.

"पाह्यलं?" यादोराव म्हणाले. मागे गोपाळरावांनी घसा साफ केला.

प्रतिक्षा रस्त्याकडे पाहत नव्हती. वडिलांच्या शर्टाकडे पाहत होती. त्यांचा डावा खांदा नेहमी आधी उसवायचा. आई तो शिवता शिवता म्हणायची, या माणसाचा एक खांदा वेगळ्या मापाचा आहे. मिलचा तो ट्रक उजवीकडे जायचा, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. उजवीकडे म्हणजे समोरून येणाऱ्यांच्या अंगावर. दर दिवाळीला मालक म्हणायचे, दुरुस्तीचं पुढच्या हंगामात पाहू. तिची ही जुनी गाडीसुद्धा, घेतली तेव्हा, उजवीकडेच जायची. बाबांना ती फार आवडली होती.

"बाबा, हात सोडा."

"काय सोडू?"

"स्टेअरिंग. माझा हात खाली आहे."

यादोरावांनी सांगितलं की चालत्या गाडीचं स्टेअरिंग आपण जन्मात सोडलं नाही; रायपूरच्या रस्त्यावर डोळ्यात भुसा गेला तेव्हाही नाही. ती हात स्टेअरिंगखाली तसाच धरून राहिली, न टेकवता.

त्यांनी गाडी पुन्हा मधोमध आणली आणि आधी उजवा हात सोडला. मग, बऱ्याच वेळानं, डावा.

गाडी सरळ गेली. मधली पांढरी रेघ होती तिथेच राहिली. एक खांब मागे पडला, दुसरा पडला, रेघ हलली नाही.

"मंग ओढत कोण होतं?" गोपाळरावांनी विचारलं. आता त्यात टोमणा नव्हता.

यादोरावांचा डावा हात मांडीवर आला होता, पण मूठ अजून वळलेली होती. त्यांनी ती उघडून पाहिली.

"ट्रक," ते म्हणाले. "सोडून पाच साल झाले. अजून उजवीकडे ओढूनच राहिला." मग मान न वळवता, "पण समोरच्या एकालेही लागू नाही देला, गोपाळराव. विचारा कोणालेही."

गोपाळराव म्हणाले, विचारायची गरज नाही. परत गेल्याबरोबर आपली गाडी मशीनवर चढवा, एवढं मात्र त्यांनी प्रतिक्षाला दोनदा बजावलं.

"मशीन पोरीचं आहे," यादोरावांनी त्यांना सांगितलं.

प्रतिक्षाने हात काढला नाही आणि लावलाही नाही. गाडी चालत होती. दोन्ही हात मांडीवर ठेवून यादोराव बाजूच्या काचेतून वैनगंगेकडे बघत होते. पुलावरून या नदीला त्यांनी किती वेळा ओलांडलं असेल, त्याचा हिशेब नव्हता, पण तेव्हा नजर समोरच्या गाड्यांवरून कधी हलली नव्हती.

"एवढी रुंद आहे का वं ही?" त्यांनी विचारलं.