आठ पिंजऱ्यांचा कौल

आठव्या पिंजऱ्याचं दार लावून बाईंनी हातमोजे काढले. अदलाबदल पुरी झाली होती. भित्र्या आयांची पिल्लं धीट आयांकडे, धीट आयांची भित्र्यांकडे.

जैवमानसशास्त्र विभागाच्या त्या लांब बोळात एका खोलीत मेंदूच्या लहरी मोजत, दुसरीत रक्तातली संप्रेरकं. शेवटची खोली बाईंची. तिथे पांढरे उंदीर होते आणि एकच प्रश्न होता: स्वभाव जन्मदात्यांकडून येतो की वाढवणाऱ्यांकडून?

पिल्लांच्या पंजांवर बाईंनी ठिपके गोंदले होते. भित्र्यांच्या पिल्लांना काळे, धीटांच्या पिल्लांना हिरवे. आया मात्र सगळ्या एकसारख्या. त्यांची ओळख पिंजऱ्यावरच्या पाटीवरून.

"बाई, रडतायत त्या," मामा म्हणाले. वीस वर्षं खोली तेच सांभाळत. रोज सकाळी आयांना बादलीत काढायचं, पिल्लं भुशाच्या ट्रेसकट उचलायची आणि पिंजरे धुवायचे. पिल्लांना हात लावायचा नाही, ही बाईंची सक्त ताकीद. मामांनी ती शेवटपर्यंत पाळली.

"उंदीर रडत नाहीत, मामा."

"बरं," मामा म्हणाले. आया कोपरे उकरत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता बाई आल्या, तर खोलीत सगळं शांत. आठही आया पिल्लांना कुशीत घेऊन पहुडलेल्या. बाई खूश झाल्या. 'आयांनी परकी पिल्लं एका दिवसात स्वीकारली,' असं त्यांनी वहीत लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

बाईंची उत्सुकता नुसती वहीपुरती नव्हती. बालगृहातली दोन वर्षांची ठकी त्या आणि त्यांचा नवरा दत्तक घेणार होते. ठकीची आई आयुष्यभर माणसांना घाबरत दार लावून बसलेली, शेवटी पोरीलाही सांभाळू न शकलेली. ठकीही कोपऱ्यातच बसायची. मात्र मागच्या भेटीत तिनं बाईंचा अंगठा धरला होता आणि निघायची वेळ झाली तरी सोडला नव्हता. बाईंचा तिच्यावर जीव जडला होता. म्हणूनच त्यांना धास्ती वाटत होती.

"आपण तिला बदलू शकलो नाही तर? ती तशीच कुढत राहिली तर?"

"आणून तर बघू," नवरा म्हणाला.

"प्रयोग संपू दे. मग सांगते."

"म्हणजे या घरात मत उंदरांना आहे, मला नाही."

सहा आठवड्यांनी परीक्षा झाली. एक मोठी गोल परात, वर झगझगीत दिवा. धीट पिल्लू मधोमध हिंडतं, भित्रं कडेला चिकटतं. बाई एकेक पिल्लू सोडत होत्या आणि श्वास रोखून बघत होत्या. काळ्या ठिपक्यांची एकोणीस पिल्लं होती. त्यातली सतरा कडेला चिकटली. हिरवी सगळी ऐटीत फिरली.

बाईंनी आकडे तीनदा तपासले. वाढवणाऱ्या आईनं तसूभरही फरक पडला नव्हता. त्यांना रडू आलं. मामांसमोर त्यांनी ते लपवलं नाही.

मग त्यांनी बालगृहाला फोन लावला.

"आम्हाला जमणार नाही," त्या म्हणाल्या.

"नक्की ना?" पलीकडच्या ताईंनी विचारलं. "दुसरं जोडपं समोरच बसलंय. एकदा त्यांना हो म्हटलं की मागे फिरता येणार नाही."

"नक्की."

त्यांनी फोन ठेवला. मामा पाण्याचा पेला घेऊन आले.

"काय झालं, बाई?"

"काही नाही. धीट आईच्या कुशीत वाढूनही भित्री ती भित्रीच राहिली, मामा. एवढंच कळलं."

मामा गोंधळले. त्यांनी पेला टेबलावर ठेवला आणि काळ्या ठिपक्यांच्या पिंजऱ्याकडे बघितलं.

"धीट आईकडे कुठे वाढली ती?" ते म्हणाले. "मला त्यांचं रडणं बघवेना. पिल्लांना हात लावायचा नाही म्हणालात, तो नाहीच लावला. दुसऱ्या दिवशी पिंजरे धुताना मी आयाच ज्याच्या त्याला परत दिल्या."