आवळलेले दात
जबलपूरच्या एका कारखान्यात कुसुमबाई टेलिफोन ऑपरेटर होत्या. एका सकाळी पोळी चावताना कानापाशी कट्ट वाजलं आणि त्यांचा जबडा बोटभरापेक्षा जास्त उघडेना. फोनवर बोललेलं कुणाला नीट कळेना. दोन महिन्यांत बऱ्या झाल्या नाहीत तर फायलींच्या कामावर पाठवू, असं साहेब म्हणाले. शेजारणीने तर हाडच कापावं लागतं, अशी भीती घातली. शेवटी मुलगी मनीषा त्यांना ओमती भागातल्या दातांच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी एक्स-रे पाहिला आणि कुसुमबाईंच्या कानापुढे अलगद बोटं ठेवली. “ऑपरेशन कधी करता?” कुसुमबाईंनी कसंबसं विचारलं. “ऑपरेशन किसलिए? दीदी, आप अभी भी दाँत भींचे बैठी हैं.” कुसुमबाई चपापल्या. खरंच, त्यांचे दात एकमेकांवर घट्ट आवळलेले होते. “आई, तू झोपेतही दात खाऊन राहते,” मनीषा हळूच म्हणाली. मग घरी गरम शेक, मऊ खिचडी आणि झोपताना दातांवर प्लास्टिकची पट्टी सुरू झाली. दिवसभर ओठ मिटून दात सुटे ठेवायची सवय त्यांनी लावून घेतली. दीड महिन्याने एका दुपारी फोनच्या बोर्डासमोर त्यांना मोठी जांभई आली. दुखेल म्हणून हात गालाकडे गेला, पण तोंड पूर्ण उघडून सहज मिटलं. “काहून हसून राहिल्या, ताई?” बाजूच्या लतिकाने विचारलं. उत्तर द्यायचं सोडून कुसुमबाईंनी, झोप आलेली नसतानाही, आणखी एक लांबलचक जांभई दिली.