पलूसहून आलेली हाक

“म्हसवडचं कुणी हाय का? पलूसहून बोलतेय. ओव्हर.” जात्यावरच्या ओवीसारखा शेवट लांबवणारा हा आवाज तरुणपणी म्हसवडला माझ्या हॅम रेडिओवर, म्हणजे हौशी बिनतारी संचावर आला आणि मी त्याच्या मागं पलूस गाठलं. तिथं रेडिओचा परवाना असलेली मुलगी एकच होती, मंगल. लग्नानंतर तो सूर हरवला, म्हणून मी तिला अजून चिडवतो. पण छंद दोघांचा टिकला.

काल दुपारी गच्चीवर नवी अँटेना चढवली.

“आवं, या वयात माकडावानी चढताय!” खालून तार सोडत मंगल हसली. पोरांसारखे धावत जाऊन आम्ही सेट लावला.

“म्हसवडचं कुणी हाय का? पलूसहून बोलतेय. ओव्हर.”

सेटमधून तोच आवाज, तितकाच कोवळा.

“मंगल, तुझा सूर परत आला गं!” मी नाचायचाच बाकी होतो. सिग्नलचा काटा पार टोकाला टेकला होता. बोलणारी अगदी जवळ होती.

मी माइक उचलला. मंगलनं माझं मनगट धरलं.

“उत्तर देऊ नगा.”

“का गं?”

सेटमधून पुन्हा हाक आली, या खेपेला माझं नाव घेऊन.

मंगल माझ्याकडं न बघता म्हणाली, “आवं, तवाबी ती मी नव्हते. मी नुसती ऐकत व्हते. तुमी दारात आला, लय आवडला, मग मला खरं सांगवलंच न्हाई.”