स्वच्छ वाफा

जर्मनीतल्या वाफ्यात काहीही उगवलेलं नव्हतं. नवा फ्लॅट दाखवावा तसा जीवनने मोबाइल त्या वाफ्यावरून सावकाश फिरवला. इकडे मखमलाबादच्या मळ्यात कोथिंबिरीच्या जुड्या बांधत बसलेल्या सावळीरामने पाण्याच्या कॅनला टेकवलेल्या फोनकडे पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"धने रगडून पेरले व्हते का?"

"रगडायचे असतात?" पोराने विचारलं.

सावळीरामने सुतळी इतकी करकचून आवळली की जुडीचे देठच मोडले. तीस वर्षं कोथिंबीर विकली, तिच्यावर पोराला इंजिनिअर केलं, आणि त्या पोराला धन्याचे दोन भाग करून पेरतात हेही ठाऊक नाही.

हे तिसरं वर्ष. पहिल्या वर्षी मेथी गोगलगाईंनी खाल्ली. दुसऱ्या वर्षी टोमॅटोची रोपं एका थंडीत काळी पडली. तिकडे शहरातल्या लोकांना बागेसाठी जमिनीचे तुकडे भाड्याने मिळतात, पण त्यात खायचं काहीतरी पिकवावंच लागतं. आज संध्याकाळी या बागांच्या समितीची बाई पाहणीला येणार होती. या वेळीही काही दिसलं नाही तर तुकडा जाणार होता.

"जाऊ दे मग," सावळीराम म्हणाला. "बाजारातून भाजी घेत जा. तुला नाय जमायचं."

"इथे माझं दुसरं काय आहे अण्णा? ऑफिस आणि खोली." जीवनने मोबाइल पुन्हा वाफ्याकडे वळवला. "आई, वाफा कसा दिसतोय ते तरी सांग. सकाळपासून तण काढतोय, एक काडी ठेवली नाही. निदान स्वच्छ आहे म्हणून तरी बाई अजून एक वर्ष देईल."

वत्सलाबाई पदराला हात पुसत फोनजवळ सरकली. "केवढं निघालं तण?"

जीवनने मोबाइल कडेच्या ढिगाकडे वळवला. ढीग चांगला गुडघाभर होता. वत्सलाबाईने फोन उचलून डोळ्यांजवळ धरला. कोवळे शेंडे, पानांच्या पाठीला पांढरी भुकटी.

"अरे, हा चाकवत हाय."

"काय आहे?"

"चाकवत. ताकातली भाजी नाय का करत मी? दोनदा मागून घ्यायचास."

"ती ही भाजी?" जीवनने ढिगातलं एक रोप उचलून उलटसुलट पाहिलं. "मी ती शिजलेलीच पाहिलीय, आई."

सावळीराम बाजूला थुंकला. कोबीतल्या अळ्यांचीही त्याला एवढी किळस येत नसे. "आपसूक आलेलं खायचं उपटलं, अन् मोकळ्या मातीला पाणी घालत बसला. मळा दारात व्हता, सतरा वर्षं काय बघत व्हतास?"

वत्सलाबाईने फोन परत कॅनला टेकवला आणि नवऱ्याकडे न बघता पुढची जुडी हातात घेतली.

"तुमीच हाकलायचे त्याला बांधावरून. चिखलात पाय घातलास तर तंगडी तोडीन, म्हनायचे. वर लय कौतुकानं गावभर सांगायचे."

ते खरं होतं. गेल्याच महिन्यात भाच्याच्या लग्नात चार पाहुण्यांसमोर त्याने छाती पुढे काढून सांगितलं होतं, माझ्या पोराला विळासुद्धा धरता येत नाही. पाहुण्यांनी माना डोलावल्या होत्या. सावळीरामला आता स्वतःच्याच तोंडाचा वीट आला. हातातली जुडी त्याने खाली टाकली.

"अण्णा," जीवनने हळूच विचारलं, "बाई यायला तीन तास आहेत. उपटलेलं परत लावलं तर लागेल?"

"मुळं दाखव."

जीवनने रोप कॅमेऱ्यासमोर धरलं. निम्मी मुळं तुटली होती, शेंड्याने मान टाकली होती. सावळीरामने बराच वेळ पाहिलं.

"लागायचं नाय," तो म्हणाला. "पन तीन तास उभं राहील. मोठी पानं खुड, नुसते शेंडे ठेव. वाफ्यात पाणी सोड, पार रेंदा होऊ दे."

"मग?"

स्क्रीनवर पोराचे पांढरेशुभ्र बूट दिसत होते. सावळीरामचा आवाज अजून चिडकाच होता.

"मग काय? बूट काढ अन् उतर चिखलात."